तलासरीच्या नाक्यावर तापलेली हवा

मी डहाणूला चिकू खायला गेलो नव्हतो. हे आधीच स्पष्ट केलेले बरे, कारण त्या प्रवासाच्या ज्या हकिकती आमच्या नातलगांत सांगितल्या जातात, त्यांतील निम्म्या चिकूपासूनच सुरू होतात. माझे साडू दिनकरराव सांगतात की, मी भाच्याच्या मायेने विरघळलो आणि निकाल फिरवला. भाचा मुकुंद सांगतो की, त्याची नळी पहिल्याच दिवशी उत्तीर्ण झाली होती, पुढचे सारे काकांनी वाढवलेले काम. आमच्या घरी तर पत्नी असे सांगते की, तापमापक बहुतेक वेळ पिशवीतच होता आणि मी ओटीवरच्या आरामखुर्चीत. ही तिन्ही माणसे मला प्रिय आहेत आणि तिघांचेही म्हणणे खोटे आहे. तापमापक माझ्या हातात होता, म्हणून ही हकिकत लिहिण्याचा अधिकारही माझाच आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका एप्रिलमधली. तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता. डहाणू आणि तलासरी ठाणे जिल्ह्यात होते. मी साताऱ्याकडे सरकारी प्रशिक्षण संस्थेत मोटार दुरुस्तीचा वर्ग आयुष्यभर चालवून नुकताच निवृत्त झालो होतो. दिनकरराव रेल्वेतून निवृत्त होऊन डहाणू रोडला लागून असलेल्या मसोलीत घर बांधून राहिले होते. त्यांचा निरोप आला: मुकुंदने वापीच्या कारखान्यात मिळालेली नोकरी लांबणीवर टाकली आहे, सरावलीला शेड घेऊन जीपगाड्यांना हवेच्या नळ्या बसवतो आहे, या नळ्यांत काही अर्थ आहे की नाही हे तुम्ही येऊन ठरवा. बापलेकांत करार झाला होता. काका म्हणतील नळी चांगली, तर शेड चालू. काका म्हणतील नळी कुचकामी, तर महिनाअखेर कुलूप आणि मुकुंद वापीला.

म्हणजे एका तिशीतल्या माणसाचे पुढचे आयुष्य माझ्या तोंडच्या एका वाक्यावर टांगलेले होते. चिकूंसाठी कोणी एवढी जबाबदारी घेऊन प्रवास करत नाही.

मसोली

साताऱ्याचा एप्रिल कोरडा. अंगाची साल काढतो. डहाणूचा एप्रिल ओल्या फडक्यासारखा अंगाला चिकटतो. स्टेशनातून बाहेर पडताच चिकूच्या करंड्यांचा गोड, किंचित आंबूस वास आला. बाहेर मालाच्या टेम्पोंची रांग होती आणि हमाल मराठीत हाक मारून गुजरातीत भांडत होते. आमच्याकडे भांडण आणि हाक दोन्ही एकाच भाषेत होतात, त्यामुळे मला हा प्रकार जरा चैनीचा वाटला.

मेहुणी कुसुमताईंनी दारातच चहा दिला. त्यात पुदिना होता. इकडे चिकूच्या वाड्या असलेल्या इराण्यांच्या शेजाराने म्हणा की गुजरातच्या, पुदिना आणि गवती चहा घातल्यावाचून चहा पूर्ण झाला असे कोणी मानत नाही. मी पहिल्या दिवशी तो औषध म्हणून घेतला, दुसऱ्या दिवशी मागून घेतला. साताऱ्यात परतल्यावर कुंडीत पुदिना लावला, पण ती चव आली नाही. जेवायला तांदळाची भाकरी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती आधी पाहुण्यासारखी नाजूक वाटते. मग तो चौथी मागतो. चिकू खाल्ले, हे मी नाकारत नाही. पण ते जेवणानंतर.

संध्याकाळी मी तापमापकांची जोडी बाहेर काढली. गोल तबकडी, तिला तीन-चार हात लांब तांब्याची बारीक नळी आणि टोकाला बोटाएवढी कांडी. कांडी जिथे ठेवाल तिथली उष्णता तबकडीवरच्या काट्याला कळते. दोन्ही काटे एकसारखे बोलतात की नाही हे आधी पाहणे आवश्यक होते, म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो आणि शेगडीवरच्या पातेल्यात दोन्ही कांड्या सोडल्या.

"भावोजी, माझ्या दुधात काय बुडवलंत?" कुसुमताई मागून म्हणाल्या.

"तापमापक आहे. तपासतो आहे."

"दूध तापलं की नाही हे मला बुडवल्याशिवाय कळतं."

"दुधाला नव्हे ताई, तापमापकाला तपासतोय."

"मग त्याला पाण्यात तपासा. विमलनं तुम्हाला घरी असंच करू दिलंय, म्हणून ही सवय."

विमल म्हणजे आमच्या सौभाग्यवती. त्या ओटीवरून हसल्या. मी पाणी उकळवले, दोन्ही काटे एका जागी आले आणि काम विधिवत सुरू झाले. आमच्या घरातील हकिकतीत हा प्रसंग 'त्यांनी ताईचं दूध नासवलं' असा सांगितला जातो. दूध नासले नव्हते. त्याच दुधाचा चहा सगळ्यांनी घेतला.

जेवणानंतर दिनकरराव माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. घरातही पांढरा शर्ट खोचून बसणारा हा माणूस. म्हणाले, "आप्पासाहेब, निकाल स्पष्ट द्या. सिग्नल एक तर पडलेला असतो, नाहीतर उठलेला. मधे लोंबकळत ठेवू नका."

"इंजिनाचं तसं नसतं, दिनकरराव."

"माझ्या मुलाचं तसं आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

सरावली, आणि तिथून वाढवण

मुकुंदची शेड म्हणजे चार खांब, सिमेंटचे पत्रे आणि मागे कुणाची तरी चिकूची वाडी. मालाची मांडणी मात्र नीट होती. हत्यारे पुसून ठेवलेली. माझ्या वर्गातल्या शंभरातल्या दहांनाही ही सवय लावता आली नाही, त्यामुळे मी मनातल्या मनात त्याला काही गुण देऊन टाकले. हे मी लपवत नाही, कारण हत्यारे पुसण्याचे गुण वेगळे आणि नळीचे वेगळे, एवढा भेद मला कळतो.

नळी अशी होती. डिझेल जीपच्या इंजिनाला हवा लागते आणि ती धुळीवाचून लागते. त्यासाठी मूळ गाडीत तेलाचा एक जड डबा असतो. हवा त्यात वळसे घेत, धूळ तेलात सोडत पुढे जाते. या जीपांत त्या डब्याचे तोंड चाकावरच्या पत्र्याकडे, बाहेरच्या हवेला काढलेले होते. मुकुंद तो डबा काढून टाकी आणि त्या जागी वीतभर लांबीची चकचकीत नळी बसवी. नळीच्या टोकाला जाळीचा शंकू. वळसे नाहीत, तेल नाही.

"इंजिन मोकळा श्वास घेतं, काका," तो म्हणाला.

"मोकळा घेतं हे दिसतंय. कुठला घेतं ते सांग."

"म्हणजे?"

"शंकूचं तोंड कुठे आहे? बॉनेटच्या आत, इंजिनाच्या कुशीत. तिथली हवा तापलेली. तापलेली हवा विरळ असते. भांडं तेवढंच, पण त्यात ती कमी मावते. हवा कमी म्हणजे डिझेल अर्धवट जळणार, मागून काळा धूर आणि चढावर दम कमी."

"चालत्या गाडीत पुढून वारा येतो ना आत. तो गरम हवा ढकलून देतो."

"देतो की नाही, ते काटा सांगेल."

जीप आली ती रमणभाईंची. रमणभाई तलासरीचे, पन्नाशीचे, गळ्यात रुमाल. डहाणू ते तलासरी वडाप करणारे, म्हणजे माणशी भाडे घेऊन जीप भरून नेणारे, आणि मुकुंदच्या नळीचे पहिले गिऱ्हाईक. गुजराती आणि मराठी यांत ते भेद करत नसत. दोन्हींतले हाताला येईल ते वापरत.

"बेसा मास्तर, पुढे बेसा. गाडी आपलीच हाय. पण हे तार घालून इंजनला सलाईन लावते काय तुम्ही?"

एक कांडी नळीच्या तोंडात बसवली, दुसरी बाहेरच्या हवेत आरशाच्या दांडीला बांधली आणि आम्ही खाडी ओलांडून दक्षिणेला वाढवणच्या रस्त्याला लागलो. डावीकडे भाताची कोरडी खाचरे, उजवीकडे सुरूची झाडे आणि त्यापलीकडे ओहोटीने उघडा पडलेला काळा कातळ. दांड्यांवर बोंबील वाळत होते. घरोघरी धुणे वाळत घालावे तसे मासे वाळत घालणारा हा मुलूख पाहून विमल मागून म्हणाली, "इथे वारा फुकट जात नाही." खरोखरच जात नव्हता. समुद्रावरून येणारा तो वारा जाळीतून सरळ बॉनेटमध्ये शिरत होता आणि नळीतला काटा बाहेरच्या काट्याच्या जरासाच वर राहत होता. वाढवणला पोचेपर्यंत मुकुंद स्टिअरिंगमागच्या रमणभाईंच्या खांद्यावरून तबकडी बघत होता आणि त्याचा चेहरा उजळत चालला होता.

परतताना मूळ डबा बसवून तोच रस्ता केला. फरक नावालाच होता. त्याच वेळी माझी टोपी उडून मिठागरात गेली. ती काढायला रमणभाई उतरले, गुडघाभर चिखलात गेले आणि टोपीऐवजी कुणाची तरी जुनी चप्पल घेऊन आले.

"मास्तर, टोपी गेली पाण्यात. हे पायात चालेल?"

मुकुंदने घरी जाऊन आईला सांगितले, "पास." हाच तो पहिला दिवस, ज्याच्या जोरावर तो आजही 'मी जिंकलो होतो' म्हणतो. मी त्याच संध्याकाळी त्याला सांगितले होते की वाढवणच्या वाऱ्यात वाळलेल्या बोंबिलावरून तलासरीचा निकाल लागत नाही. तो म्हणतो, मी असे काही बोललो नाही. कुसुमताई साक्षीला आहेत. त्या म्हणतात, बोलले होते, पण तोंडात चिकू होता म्हणून कोणाला कळले नाही.

तलासरी

जी जीप चालते तिची परीक्षा चालताना झाली. पण वडापची जीप दिवसातला बराच वेळ चालत नाही. ती उभी असते. मला हे पुस्तकातून ठाऊक नव्हते. तलासरीच्या नाक्यावर उभे राहिल्यावर कळले.

आदल्या दिवशीचा समुद्र आणि हा मुलूख यांत गाडीने तासा-दीड तासाचे अंतर असेल, पण हवा बदलते, माणसेही बदलतात. हमरस्त्यावर गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांची रीघ, कडेला ताडगोळे सोलून विकणाऱ्या बाया, मागे पळसाचे माळ आणि पाडे. बाजारचा दिवस होता. आठ-दहा जीपा रांगेत उभ्या होत्या आणि त्या सगळ्यांची इंजिने चालू होती. रमणभाई दर दोन मिनिटांनी ॲक्सिलरेटर दाबत. नळी वाघासारखी डरकाळी फोडी. गाडी वीतभर पुढे जाई आणि पुन्हा मागे येई.

मी म्हटले, "निघायचं नाही, तर इंजिन चालू कशाला?"

"निघायचं नाय म्हणूनच चालू हाय मास्तर."

"म्हणजे कसं?"

"इंजन बंद दिसला का पॅसेंजर बोलते, ही आता हालत नाय. मग ते समोरच्यात जाऊन बेसते. आवाज ऐकला का वाटते, चालली चालली. पळत येते."

"आणि आत बसल्यावर?"

"आत बसल्यावर काय? तेला कळते. पण उतरून जाणार कठं? जागा गेली ना मग."

आमच्याकडेही जीपा भरेपर्यंत थांबतात, पण ड्रायव्हर झाडाखाली तंबाखू मळत बसतो आणि गिऱ्हाइकाला आपली गाडी सुटायला किती अवकाश आहे हे त्याच्या मळण्याच्या वेगावरून समजते. इथे सगळा व्यवहार आवाजावर. निघण्याची खूण करत उभे राहणे हे इथले एक शास्त्र होते आणि आम्ही दोघे शिकलेले लोक आदल्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर ते शास्त्र सोडून बाकी सर्व मोजून आलो होतो.

मी बॉनेट न उघडता नुसती तबकडीवर नजर ठेवली. सावलीत अडतीस होते. नळीतला काटा पन्नासच्या पुढे गेला आणि साठ ओलांडून थांबला. उभ्या गाडीत पुढून वारा नाही. बॉनेटखाली इंजिन स्वतःचीच तापलेली हवा ओढत होते आणि पुन्हा तापवत होते.

मागे पाटी घेऊन बसलेली एक बाई सगळे पाहत होती. वाढवणची जानकीबाई; बाजारात सुकी मासळी विकून परत निघालेली. तिने विचारले, "ओ, थर्मामीटरवाले, गाडीला ताप आलाय का?"

"आला आहे बाई."

"मग तिला घरी बसवा. आम्हाला दुसरी गाडी बघू द्या."

"बेस गं, आताच चालली," रमणभाई म्हणाले आणि डरकाळी फोडली.

"तू सकाळपासून आताच चाललायस."

गाडी भरली, निघाली आणि नाक्यावरून सुटताच दापचरीकडचा चढ लागला. साठ अंशांची हवा छातीत भरलेले ते इंजिन मागे काळा धूर सोडत, कण्हत वर गेले. चालत्या गाडीत काटा हळूहळू खाली येऊ लागला, पण तो पुरता खाली येईपर्यंत चढच संपला होता. पुढच्या फेरीला मी मूळ डबा बसवायला लावला. तोच नाका, तीच डरकाळीची वेळ. काटा मात्र पंचेचाळिसाच्या पुढे गेला नाही.

 मुकुंदने रमणभाईंना विचारले, "चढावर गाडी चांगली ओढते, म्हणून घेतलीत ना तुम्ही माझी नळी?"

"चढावर? चढावर पहिलेसारखीच. थोडी कमी पण ओढत असेल."

"मग?"

"आवाज मस्त हाय ना भाऊ. तुझी नळी लावली तेच्यापासून माझी गाडी सगळ्यांच्या आधी भरते. म्हणून तर बाकी लोकांनी पण घेतली."

बिचाऱ्या रमणभाईंनी हे कौतुक म्हणून सांगितले होते. मुकुंदच्या तोंडावर मात्र कोणी पाणी मारावे तसे झाले. इंजिनाला दम देणारी वस्तू आपण विकतो आहोत असे ज्याला वाटत होते, तो इतके दिवस भोंगे विकत होता.

पुन्हा मसोली, पुन्हा सरावली

त्या रात्रीच्या जेवणात आंबट वरण होते.

"म्हणजे वापी," दिनकरराव म्हणाले.

"म्हणजे वापी," मुकुंद म्हणाला. त्याने वादही घातला नाही, आणि तेच दिनकररावांना खटकले असावे, कारण त्यांनी ताटातला भात उगाच चिवडला.

मी म्हटले, "चाचणी पुरी झालेली नाही."

दिनकरराव आजतागायत सांगतात की, इथे मी मायेने विरघळलो. त्यांना आणि वाचकांना माझे उत्तर असे. एखादी वस्तू तापते असे दिसले, तर ती वस्तूच्या घडणीने तापते की तिच्या जागेने, हे वेगळे काढल्याखेरीज कोणताही प्रामाणिक शिक्षक निकाल देत नाही. मी तीस वर्षांच्या नोकरीत एकाही मुलाला अर्ध्या प्रश्नावर नापास केलेले नाही आणि पासही केलेले नाही. मुकुंद माझा भाचा नसून कुणी परका असता, तरी मी हेच म्हटले असते. विमल इथे म्हणते, "परक्यासाठी तुम्ही परतीचं तिकीट फाडलं नसतं." तिकीट फाडले नव्हते, पुढच्या तारखेचे घेतले.

दुसऱ्या दिवशी सरावलीच्या शेडमध्ये मी फक्त एक प्रश्न विचारला आणि स्टुलावर बसलो. "बाहेरची हवा या शंकूपर्यंत यायला काय आडवं येतं?" पुढचे सारे मुकुंदने केले. त्याने तेलाचे रिकामे पिंप कापले, पत्रा ठोकून सपाट केला, शंकू आणि इंजिन यांच्या मधे भिंत उभी केली आणि नळीचे तोंड वळवून चाकावरच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेला काढले. सांध्यांत रबर कोंबले. पत्र्याने त्याचे बोट कापले; त्याने ते तोंडात धरून काम चालू ठेवले. एकदा भिंत पंख्याला लागली, ती उतरवून पुन्हा कापली. मागच्या वाडीत टोकाला जाळी बांधलेल्या काठीने चिकू उतरवणाऱ्या बाया मधून मधून थांबून पाहत होत्या. त्यांनी मला एक ओंजळ चिकू आणून दिले. ते मी खाल्ले, कारण मला दुसरे काही करायचे नव्हते. काम त्याचे होते.

तलासरीचा नाका

शेवटच्या दिवशी दिनकररावही बरोबर आले. छत्री, पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. "निकाल माझ्या समोर लागावा," एवढेच म्हणाले आणि नाक्यावरच्या चहाच्या टपरीत ट्रककडे तोंड करून बसले.

नवी नळी रमणभाईंच्या गाडीला चढवली. गाडी रांगेत उभी राहिली, इंजिन चालू राहिले, ऊन डोक्यावर आले आणि काटा चाळिसाच्या आसपास येऊन तिथेच थबकला. मी तबकडीवर टिचकी मारून पाहिली. तो खराच तिथे होता. मूळ डब्यापेक्षाही खाली. माझ्या मते निकाल लागला होता आणि मी तो मोठ्याने सांगितला, "नळी पास. ही नवी. जुनी नापास."

रमणभाईंनी ॲक्सिलरेटर दाबला. पुन्हा दाबला. खाली उतरून बॉनेटला कान लावला.

"मुकुंदभाऊ, आवाज कठं गेला?"

पत्र्याच्या भिंतीने उष्णतेबरोबर डरकाळीही अडवली होती. गाडी आता सभ्य माणसाने खाकरावे तशी वाजत होती. शेजारच्या जीपवाल्यांनी माना काढल्या. "रमण, वाघ मेला काय रे?" एकाने विचारले. दुसरा म्हणाला, "गाभण म्हैस बेसली हाय आत." पॅसेंजर खरोखरच समोरच्या डरकाळीकडे धावले.

"हे काढ भाऊ," रमणभाई म्हणाले. "जुनीच लाव. थंड हवा घेऊन मी काय करू? मला माणसं पाहिजे."

मी मुकुंदकडे पाहिले. जुनी नळी विकणे सोपे होते. गिऱ्हाईक रांगेत उभे होते. तो पाना हातात घेऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "काका, चुकीची आहे हे कळल्यावर मी ती विकणार नाही. आणि बरोबर आहे ती कोणी घेणार नाही. वापीच बरी." मग तो खरोखर बॉनेटकडे वळला, नवी नळी उतरवायला.

आता इथे पुढे जे झाले ते मी घडवून आणले असे दिनकरराव सांगतात. मी त्यांना टपरीतून हाताला धरून आणले म्हणे. मी जीपच्या दुसऱ्या बाजूला तापमापकाची कांडी सोडवत होतो. मान वर केली तेव्हा दिनकरराव रमणभाईंच्या जीपच्या पुढच्या जागेवर बसलेले होते, गुडघ्यांत छत्री उभी धरून.

"इंजिन बंद करा," ते म्हणाले.

"बाबा, मग तर एक पण येणार नाय."

"मी आलोय ना? रिकाम्या डब्यात कोणी चढत नाही. एक माणूस निवांत बसलेला दिसला की दुसरा येतो. तुम्ही आवाज दाखवता, मी माणूस दाखवतो. बंद करा."

रमणभाईंनी माझ्याकडे पाहिले. मी खांदे उडवले. हा विषय माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. त्यांनी किल्ली फिरवली. आणि मग माझ्या साडूंनी, ज्यांनी मुलाच्या या धंद्याला आजवर 'गॅरेजगिरी' याखेरीज नाव दिले नव्हते, त्यांनी खिडकीबाहेर मान काढून अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल अशी हाक दिली, "चारोटी, आशागड, सरावली, डहाणू रोड. चारोटी, आशागड, सरावली, डहाणू रोड." एका सुरात, घाई न करता, गाडी फलाटाला लागलीच आहे अशा खात्रीने.

आधी दोन म्हातारे आले. मग कोंबडी काखेत घेतलेला एक माणूस, मग एक कुटुंब. शेजारच्या डरकाळ्या चालूच होत्या, पण त्या कुठे जाणार हे सांगत नव्हत्या, आणि हा पांढऱ्या शर्टातला माणूस गावांची नावे घेत होता. गाडी भरली. जानकीबाई पाटी डोक्यावर घेऊन शेवटी पोचली आणि आत डोकावली.

"बंद पडलीय का?"

"बंद ठेवलीय," दिनकरराव म्हणाले. "बसा."

"बसू कुठं? तुमच्या मांडीवर?"

दिनकरराव खाली उतरले. आपली जागा तिला दिली, पाटी स्वतः वर चढवली आणि रुमालाने हात पुसले. सुक्या बोंबिलाचा वास त्या रुमालातून नंतर आठवडाभर गेला नाही असे कुसुमताई सांगतात, आणि एवढे मी खरे मानतो. रमणभाईंनी गाडी सुरू केली ती निघण्यासाठीच. दापचरीच्या चढाकडे जाताना तिच्या मागे धूर नव्हता. हे मी नुसत्या डोळ्यांनी पाहिले, कारण तापमापक माझ्या हातात राहिला होता.

मागचा जीपवाला पुढे सरकला आणि म्हणाला, "बाबा, माझी पण भरा ना."

"भरतो. आधी कबूल कर, उद्या याच्याकडून आत पत्रा लावून घेईन. मग इंजिन बंद कर. मग भरतो."

मुकुंद पाना घेऊन तसाच उभा होता. "बाबा, परवा वापीला..." त्याने सुरुवात केली.

"आधी ही गाडी भरू दे," दिनकरराव म्हणाले आणि छत्री उघडून उन्हात उभे राहिले.

ते आजही सांगतात की, त्या दिवशी त्यांना केवळ उकडत होते आणि कसेही करून लवकर घरी पोचायचे होते, बाकी सर्व आप्पासाहेबांची रचना. त्यांनी तसे खुशाल सांगावे. ज्याला घरी पोचायचे असते तो भरलेल्या जीपमधली आपली जागा मासळीवालीला देऊन, पुढची जीप भरण्यासाठी नाक्यावर गावांची नावे पुकारत उभा राहत नाही.